एक विहीर, चार पाट

बीड शहराबाहेर काही किलोमीटरवर खजाना विहीर आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने ती बांधवून घेतली. अवर्षणाने होरपळणाऱ्या या जिल्ह्यात तिचे कौतुक होते ते तिच्या पाण्यासाठी, आणि ते रास्तच आहे. मला मात्र अधिक नवल वाटते ते तिच्यातल्या वाटणीच्या योजनेचे. पाणी उपसायला मोट नाही, पंप नाही. जमिनीच्या उताराचा नेमका हिशेब करून भुयारी पाट खोदले आणि पाण्याने आपल्या पायाने शिवारात जावे अशी सोय केली. साठा एका जागी, वाट आधीच आखलेली, घेणारे मात्र अनेक.

आपल्या घरांत आज नेमके उलटे चित्र आहे. कुणी ओसरीवर, कुणी माजघरात, कुणी वरच्या खोलीत. चौघांच्या हातांत चार मोबाइल. त्यांतले दोघे एकच कीर्तन ऐकत असले तरी ते दोनदा, कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या संगणकाकडून वेगवेगळे मागवलेले असते. एका छपराखालच्या माणसांनी प्रत्येक घोटासाठी परगावी हेलपाटा घालावा, तसा हा प्रकार. घरातला साठा घरातच ठेवून तो सगळ्या खोल्यांत खेळवता येतो आणि त्याला फार मोठी विद्या लागत नाही, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. ‘वाय-फाय’ म्हणजे इंटरनेट, असे आपण धरून चालतो. तसे ते नाही. वाय-फाय किंवा भिंतीतून नेलेली वायर ही घरातली वाट. इंटरनेट ही गावाबाहेर जाणारी सडक. सडक बंद पडली म्हणून ओसरीवरून माजघरात जाता येत नाही असे थोडेच होते? ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षण आंदोलनाला हिंसक वळण लागले, बीडमध्ये संचारबंदी लागली आणि इंटरनेट सेवाही बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड या तीन जिल्ह्यांत ती पुन्हा काही तास बंद होती. त्या काळात घराघरांतले मोबाइल मुके झाले. ज्याची गाणी, भजने, लग्नाची चित्रफीत घरच्याच डिस्कवर होती आणि घरातली वाट शाबूत होती, त्याच्याकडे मात्र ती सगळी चालू राहू शकत होती. बाहेरच्या सडकेचा दरवाजा कुणाच्या तरी हातात असतो; घरातल्या वाटेचा आपल्या हातात.

तशी वायर आपल्याला नवी नाही. १९९१ मध्ये आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून दिसू लागली, त्याच वर्षी स्टार आले, १९९२ मध्ये झी आले आणि बघता बघता जिल्ह्याच्या गावांतून गच्चीवर एक मोठी तबकडी व तिथून निघालेली काळी वायर दिसू लागली. ही वायर या घरावरून त्या घरावर, विजेच्या खांबाला वळसा घालून गल्लीभर फिरे. तबकडी एकाची, पाहणारी सगळी आळी. रात्री केबलवाला व्हीसीआरवर जो चित्रपट लावील तो सर्वांनी पाहायचा आणि सकाळी हौदावर त्याचीच चर्चा. १९९५ मध्ये केबलसाठी कायदा झाला, पुढे सेट-टॉप बॉक्स आले, २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि गल्लीला बांधणारी ती वायर सैल पडली. पूर्वी अनेक घरे मिळून एक चित्र पाहत. आता एका घरात अनेक चित्रे. यात वाईटच सगळे आहे असे मी म्हणणार नाही. केबलवाल्याच्या मर्जीपेक्षा स्वतःची निवड केव्हाही बरी. पण निवड आपली झाली तरी साठा परक्याचाच राहिला.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आमचे घर माळवदाचे. दगड-मातीच्या दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, वर लाकडाचे सर आणि पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात अशा घरासारखे सुख नाही. वाय-फायला मात्र हे घर म्हणजे किल्लाच. वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने दोन प्रकारच्या: पाच गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकणाऱ्या, अडीचच्या आसपासच्या, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या, संथ पण थोड्या चिवट. ओसरीवरच्या राउटरच्या या दोन्ही लहरी दोन भिंती ओलांडून मागच्या खोलीत पोचेपर्यंत धापा टाकीत. म्हणून खोल्याखोल्यांत वायर नेणे हाच खरा उपाय ठरला.

ही वायर म्हणजे इथरनेटची. १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत शोधली. खोल्याखोल्यांतल्या संगणकांना छपाईचे एकच यंत्र वापरता यावे, ही त्यामागची एक गरज होती. म्हणजे या विद्येचा जन्मच मुळी ‘वस्तू एक, वापरणारे अनेक’ यासाठी झाला. आज बाजारात ‘कॅट सिक्स’ नावाने मिळणाऱ्या वायरीत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात, दोन-दोन तारांना पीळ दिलेला. हा पीळ शोभेचा नाही. बाहेरून येणारा विजेचा उपद्रव त्यामुळे परस्पर कटतो. एक सलग वायर शंभर मीटरपर्यंत चालते. वाडा कितीही ऐसपैस असला तरी त्याहून अधिक लागत नाही.

राउटरच्या मागे बहुधा चार छिद्रे असतात. त्यांतून एकेक वायर एकेका खोलीत नेली की चार पाट तयार. दोन पथ्ये मात्र पाळावीत. घरातल्या विजेच्या वायरीच्या नळीतून ही वायर नेऊ नये, तिची नळी वेगळी हवी. आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची वायर उघड्यावरून ताणू नये. मराठवाड्यात रोहिणी-मृगाच्या विजा कशा कोसळतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. तिथे काचतंतूची वायर घ्यावी, तिच्यातून वीज वाहत नाही.

राहिला साठा. जुन्या घरांत भिंतीतच धान्याचे बळद असे. वरून माळवदावरच्या तोंडातून धान्य ओतायचे, खालच्या तोंडातून लागेल तसे काढायचे. आपल्याला असेच एक बळद हवे. पत्त्याच्या कॅटाएवढा ‘रास्पबेरी पाय’ हा संगणक २०१२ पासून मिळतो. छोट्या दिव्याएवढी वीज खातो, त्यामुळे इन्व्हर्टरवर निवांत चालतो आणि वीज गेली तरी गाणे तुटत नाही. अडगळीतला जुना संगणकही चालेल. त्याला एक डिस्क जोडायची आणि त्यावर ‘जेलीफिन’सारखी मोफत प्रणाली बसवायची. मग टीव्ही असो की मोबाइल, घरातल्या कुठल्याही पडद्यावर साठ्याची यादी उमटते. हे सारे एका मध्यम प्रतीच्या मोबाइलच्या किमतीत बसते.

वेगाची चिंता करू नये. चांगल्या प्रतीचा चित्रपट सेकंदाला पाच ते आठ मेगाबिट मागतो. आपल्या वायरीची ताकद हजार मेगाबिटांची. चार खोल्यांत चार चित्रपट लावले तरी तिला घाम फुटत नाही. अडचण येते ती निराळीच. एकच अभंग दोन खोल्यांत एकदम लावला तर दोन यंत्रांत किंचित अंतर पडते आणि जत्रेतल्या दोन कर्ण्यांसारखा घोळ ऐकू येतो. ‘स्नॅपकास्ट’ ही प्रणाली सगळ्या यंत्रांची घड्याळे जुळवून हा घोळ मिटवते.

पण या बळदात भरायचे काय? नवे चित्रपट आणि गाणी तर बाहेर केव्हाही मिळतात. भरायचे ते, जे बाहेर कुठेच मिळत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. त्याच कामात १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांचे आवाज बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रित केले. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर हा ठेवा जगाला खुला होऊ लागला. माजलगावच्या त्या आवाजांचे भाग्य थोर. पण असे आवाज काय एकाच वस्तीत होते? आपल्या घरातल्या ट्रंकेत पाहा. बारशाची, हरिनाम सप्ताहाची, आखाती देशात गेलेल्या भावाला पाठवायला म्हणून भरलेली कॅसेट तिथे असेल. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या या फितीवरचा चुंबकीय थर काळाबरोबर झडतो, दमट हवेत तिला बुरशी लागते. ती वाट पाहत नाही.

आमच्याकडे अशी एक कॅसेट निघाली. माझ्या मामाने टू-इन-वनवर भरलेली. पहिली काही मिनिटे कोंबड्याचे आरवणे आणि जात्याची घरघर, मग आजीचा आवाज. कॅसेट संगणकात उतरवायला युक्ती लागत नाही, धीर लागतो. साठ मिनिटांच्या फितीला साठ मिनिटेच द्यावी लागतात. टेपच्या हेडफोनच्या छिद्रातून संगणकाला वायर जोडायची आणि ‘ऑडॅसिटी’ ही मोफत प्रणाली चालू करायची. साठ मिनिटांच्या साध्या प्रतीच्या एमपीथ्रीला साठ मेगाबाइटही लागत नाहीत. या हिशेबाने एक टेराबाइटच्या डिस्कवर सतरा हजार तास मावतात, रात्रंदिवस ऐकले तरी दोन वर्षे पुरतील इतके. जागेचा प्रश्न उरलेलाच नाही.

आई मागच्या खोलीत असते. गुडघ्यांमुळे तिचे ओसरीवर येणे कमी झाले आहे, आणि मोबाइलच्या काचेवर बोट फिरवणे तिला मानवत नाही. तिच्या उशाशी एक साधा स्पीकर आहे. तो घरातल्या पाटाला जोडलेला. ओसरीवरून आम्ही आजीच्या ओव्या लावल्या तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मधी जी दुसरी बाई सूर धरती, ती आपली चुलती हाय. तिचं नाव लिहून ठेव.” त्या दुसऱ्या आवाजाची ओळख आमच्यापैकी कुणालाही नव्हती. ती तेवढी एकटीला होती.

ऊसतोडीला या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे बाहेर पडतात. दिवाळीच्या सुमारास गावे ओस पडतात, घरात म्हातारी माणसे मागे राहतात. त्यांच्याजवळ ओव्या आहेत, गोंधळाची गाणी आहेत, कुणाची कोणती जमीन कशी गेली याचा इतिहास आहे. हे भरून घ्यायला आता कॅसेटही लागत नाही, मोबाइल पुरे. फक्त ते भरून झाल्यावर मोबाइलमध्येच सोडू नये. मोबाइल हरवतात, फुटतात, विकले जातात. घरच्या बळदात ठेवावे, आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर दुसऱ्या घरी ठेवावी. एकच डिस्क म्हणजे साठा नव्हे, तो जुगार झाला.

वायर, राउटर आणि डिस्क सुभाष रोडवर उद्याही मिळतील आणि पाच वर्षांनी याहून स्वस्त मिळतील. त्यांची घाई नाही. घाई आहे ती ट्रंक उघडण्याची. आजच्या रविवारी कॅसेट बाहेर काढा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा, आणि कोणता आवाज कुणाचा ते विचारून कागदावर लिहून घ्या. वायरीचे काम पुढच्या रविवारी केले तरी चालेल.