उथळ समुद्राची भरती गणितात कशी बांधतात?

गोव्यातील मुरगाव बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळ्यांत सुमारे २ मीटरचा फरक असतो. मुंबईत तो ५ मीटरच्या जवळ जातो आणि भावनगरला १० मीटरपर्यंत पोहोचतो. चंद्र-सूर्य तेच, अरबी समुद्रही तोच. मग हा फरक कशामुळे? पाठ्यपुस्तकातील चंद्राच्या आकर्षणाची आकृती याचे उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर समुद्राच्या तळाशी आहे.

भरती ही एक अतिशय लांब लाट आहे. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. या लाटेची लांबी महासागरात हजारो किलोमीटर असते. तिच्या मानाने ४ किलोमीटर खोलीचा महासागरही उथळच म्हटला पाहिजे. म्हणून तिचा वेग फक्त खोलीवर ठरतो: गुरुत्वीय त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे हा वेग. ४००० मीटर खोलीवर तो ताशी ७०० किलोमीटरहून अधिक येतो, तर २५ मीटर खोलीवर जेमतेम ५६ किलोमीटर.

हा नियम वर्गात पडताळता येतो. ६० सेंटिमीटर लांबीच्या ट्रेमध्ये ३ सेंटिमीटर पाणी घ्या. ट्रेची एक बाजू किंचित उचलून खाली ठेवा. पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊन परत यायला सुमारे २.२ सेकंद लागतील. पाणी निम्मे केले की हाच वेळ ३.१ सेकंद होईल. दहा हेलकावे मोजून सरासरी काढावी, म्हणजे चूक कमी होते.

आता किनाऱ्याकडे वळू. मुंबईसमोर समुद्रबूड जमिनीचा उथळ भाग सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. गोव्यासमोर तो साधारण याच्या एक तृतीयांश आहे. एका बाजूने बंद व दुसऱ्या बाजूने खुल्या अशा पात्रात पाण्याचा नैसर्गिक हेलकावा लाटेच्या एका फेरीला लागणाऱ्या वेळेच्या चौपट असतो. सरासरी खोली ७५ मीटर धरली, तर ३०० किलोमीटरसाठी तो सुमारे १२ तास २० मिनिटे येतो. म्हणजे भरतीच्या आवर्तनाइतकाच! झोक्याला त्याच्याच तालावर धक्के दिले की तो उंच जातो, तसे येथे घडते. गोव्यासमोर हाच काळ सुमारे ४ तास येतो. तेथे ताल जुळत नाही.

त्याच्याही उत्तरेला खंभातचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते. लाटेतील ऊर्जा तीच राहिली आणि पात्राची रुंदी एक चतुर्थांश झाली, तर लाटेची उंची दुप्पट होते. खोली एक षोडशांश झाली तरीही ती दुप्पट होते. अर्थात तळाशी होणारे घर्षण यातील बरीच ऊर्जा खाऊन टाकते, नाहीतर भावनगरची भरती याहूनही मोठी झाली असती.

रुंदी, खोली आणि घर्षण या तिन्ही गोष्टी खऱ्या किनाऱ्यावर पावलोपावली बदलतात. तेथे कागद-पेन्सिलीचे गणित पुरे पडत नाही. मग आम्ही नकाशावर चौकोनांचे जाळे टाकतो. प्रत्येक चौकोनाला तेथील खोली देतो. पुढे दोनच नियम लावायचे. पहिला नियम असा की, चौकोनात आलेले पाणी वजा गेलेले पाणी जितके असेल तितकी पातळी चढते. दुसरा असा की, पाण्याच्या पातळीचा उतार, तळाचे घर्षण आणि पृथ्वीचे परिवलन यांच्या परिणामाने प्रवाहाचा वेग बदलतो. जाळ्याच्या खुल्या समुद्राकडील कडेवर ज्ञात भरती लावली की आतील प्रत्येक चौकोनाची पातळी आणि प्रवाह क्षणाक्षणाने काढता येतात.

हे क्षण किती अंतराने घ्यायचे? सोप्या पद्धतीत लाटेने एका पावलात एक चौकोन ओलांडता कामा नये, नाहीतर आकडे भरमसाट वाढून गणित कोसळते. १ किलोमीटरचा चौकोन आणि २५ मीटर खोली असेल, तर पाऊल सुमारे एका मिनिटाहून लहान हवे. म्हणजे एका भरतीसाठी सातशेपेक्षा जास्त पावले! चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट, पावले दुप्पट आणि म्हणून काम आठपट होते.

उत्तरावर विश्वास कधी ठेवायचा? घर्षणाचा गुणांक थेट मोजता येत नाही. काही ठिकाणच्या मोजलेल्या पातळ्यांशी उत्तर जुळेपर्यंत तो बदलून पाहतात. पण जुळवायला वापरलेल्या नोंदीच पुन्हा कसोटीला लावणे म्हणजे प्रश्नपत्रिका आधी फोडून परीक्षा घेणे होय. त्यासाठी वेगळ्या नोंदी हव्यात आणि पातळीबरोबर प्रवाहही तपासायला हवा. मुंबईच्या अपोलो बंदरावरील १८७८ पासूनच्या भरतीच्या नोंदी यामुळेच मोलाच्या ठरतात.

हा खटाटोप केवळ कुतूहलापोटी नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारी समुद्राला मोठी भरती होती. त्यामुळे नाल्यांचे आणि मिठी नदीचे पाणी बाहेर पडेना. असे पाणी कोठे व किती वेळ तुंबेल, हे सांगण्यासाठी पाऊस आणि भरती एकाच गणितात घ्यावी लागतात. खाडीत भराव घातला, बंदरासाठी गाळ उपसला किंवा बांध घातला, तर तळ आणि काठ बदलतात. ज्या तळामुळे भरती ठरते तोच बदलला, तर भरती आणि प्रवाहही बदलणारच. गाळ कोठे साचेल, तेही त्यावरच अवलंबून असते. भराव घालण्याआधी हा परिणाम पाहण्याचा मार्ग म्हणजे असे प्रतिमान. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांची लहान प्रमाणावरील प्रत्यक्ष प्रतिमाने बांधूनही असा अभ्यास होत आला आहे.

मात्र प्रतिमान त्याला दिलेल्या खोलीइतकेच खरे असते. खंभातच्या आखातात वाळूचे दांडे जागा बदलतात. जुन्या नकाशावर आधारलेले उत्तम गणितही तेथे चुकीचे उत्तर देईल, तेही दशांश चिन्हापुढील चार स्थळांपर्यंत! म्हणून संगणक कितीही वेगवान झाला, तरी होडीतून खोली मोजणाऱ्याचे काम संपत नाही.

विद्यार्थ्यांना भरती-ओहोटीच्या छापील वेळापत्रकातून मुरगाव, मुंबई व भावनगर येथील पंधरा दिवसांच्या वेळा आणि उंची काढून आलेख काढायला सांगावा. भावनगरची भरती मुंबईच्या मागून किती तासांनी येते ते पाहावे. दोन्ही ठिकाणांमधील अंतराला या वेळेने भागले की लाटेचा वेग अंदाजे मिळेल आणि त्या वेगावरून समुद्राची सरासरी खोली. पाण्यात न उतरता समुद्राचा तळ असा वर्गात बसून मोजता येतो.