पारदर्शक प्लॅस्टिकवरील चिकटा

जून महिन्यांत शाळा उघडली कीं नवी फूटपट्टी, नवी कंपासपेटी व पाण्याची बाटली घरीं येते. तिच्यावरील किमतीचें लेबल ओढतांच कागद निघतो, पण चिकटा मागें राहतो. खेडची तांबडी धूळ त्यावर बसून दोन दिवसांत तेथें मळकट डाग दिसूं लागतो. हा डाग काढतांना पुष्कळदां वस्तूचीच हानि होते, म्हणून हे चार शब्द.

एकदां प्रदर्शनांतील नमुन्याच्या ॲक्रिलिक पेटीवरील चिकटा काढण्यास आम्ही नखांचा रंग पुसण्याचें द्रावण वापरलें. चिकटा क्षणांत गेला, परंतु पेटीची पारदर्शकताही गेली, आणि आंतील नमुना धुक्यांतून पाहावा तसा दिसूं लागला. अशा द्रावणांत पुष्कळदां ॲसिटोन असतें. काचेस तें कांहीं करीत नाहीं; ॲक्रिलिक, पॉलिस्टायरीन व पॉलिकार्बोनेट यांचा पृष्ठभाग मात्र तें विरघळवितें किंवा त्यास तडे पाडतें. प्लॅस्टिकला आम्ही काच समजलों, हीच आमची चूक.

आतां चिकटा म्हणजे काय तें पाहूं. खळ वाळून कडक होते व पाण्यांत भिजते. लेबलावरील पदार्थ वाळत नाहीं. तो रबरासारखा मऊ राहून नुसत्या दाबानें चिकटतो. अशीं लेबलें अमेरिकेंत स्टॅन्टन एव्हरी यांनीं १९३५ सालीं प्रचारांत आणलीं. या पदार्थाचें पाण्याशीं जमत नाहीं, तेलाशीं जमतें. फणस कापतांना हातास लागलेला चीक पाण्यानें जात नाहीं, खोबरेल तेल चोळतांच सुटतो, हें कोंकणांतील प्रत्येक घरीं ठाऊक आहे. येथेंही तोच न्याय लागू पडतो.

प्रथम वस्तु साबणाच्या कोमट पाण्यांत दहा-पंधरा मिनिटें ठेवावी, म्हणजे उरलेला कागद सुटतो. पाणी उकळतें नसावें, कारण त्यानें पातळ प्लॅस्टिक वांकतें. वस्तु कोरडी करून चिकट्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब लावावे व पांच मिनिटांनीं बोटानें हळूहळू गोल चोळावें. चिकट्याच्या गुठळ्या होतील. त्या मऊ सुती फडक्यानें टिपून वस्तु पुन्हा साबणानें धुवावी. थर जाड असल्यास हीच कृति पुन्हा करावी. तेल रात्रभर मात्र ठेवूं नये. कांहीं प्लॅस्टिकांस त्यानेंही बारीक तडे जातात.

ब्लेड, तारेची घासणी, नारळाची शेंडी, राख अथवा दंतमंजन वापरूं नये. यांनीं ओरखडे पडतात. आमच्या तालुक्यांत लोटे-परशुराम येथें रासायनिक कारखाने असल्यामुळें 'द्रावक' हा शब्द आपणांस नवा नाहीं. पेट्रोल व थिनर हींही द्रावकेंच. तीं प्लॅस्टिक बिघडवितात, शिवाय त्यांची वाफ चटकन पेट घेते. मुलांनीं त्यांस हात लावूं नये. चष्म्याच्या भिंगांवर नाजुक लेप असतो. त्यांवर प्रयोग न करितां चष्मेवाल्यास विचारावें.

चिकटा आज निघाला नाहीं तर उद्यां निघेल. उतावळेपणानें गेलेली पारदर्शकता घरीं परत आणतां येत नाहीं, एवढें विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत ठेवावें.