सात वर्षं झाली, पण सातबारा त्याच्याच नावावर

“सात वर्षं झाली की शेत आपसूक बायकोच्या नावावर चढतं.” वर्धा जिल्ह्यात आर्वी-देवळीकडे कुणाचा घरधनी बेपत्ता झाला की गावातलं कुणीतरी हे सांगतंच, आणि ती बाई वर्षं मोजत बसते.

आपसूक काहीच चढत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 111 (1872च्या कायद्यात 108) एवढंच म्हणतं: ज्यांना त्या माणसाची खबर लागायलाच हवी होती, त्यांना सात वर्षं ती लागली नसेल, तर तो जिवंत असल्याचं सिद्ध करणं तसं म्हणणाऱ्यावर येतं. तो मृत असल्याचं गृहीत धरायचं ते न्यायालयाने. म्हणजे दिवाणी दावा, हुकूमनामा, मग मृत्यूची नोंद आणि शेवटी तलाठ्याकडे वारसाचा फेरफार. तोवर त्याचा हिस्सा ना बायकोला विकता येतो, ना भावाला.

घर सोडलं तीच मृत्यूची तारीख धरतात, हाही समज महागात पडतो. एलआयसीच्या खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कायदा मृत्यू गृहीत धरतो, त्याची तारीख नाही. ती पुराव्याने दाखवावी लागते. माणूस गेला म्हणून विम्याचे हप्ते थांबवले, तर पॉलिसी बंद पडते आणि पूर्ण रकमेवर पाणी सोडावं लागतं. घरात पैशाची ओढाताण असताना हे सांगणं जिवावर येतं, पण सांगायलाच हवं.

पोलिसांकडे जायला चोवीस तास थांबा, असा नियम नाही. मिसिंगची नोंद त्याच दिवशी करा, प्रत जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार बँका बेपत्ता माणसाच्या खात्यातली ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम एफआयआर, माणूस सापडत नसल्याचा पोलिसांचा अहवाल आणि हमीपत्र यांवर देऊ शकतात. आपल्या शाखेची मर्यादा विचारा.

मधल्या वर्षांत पीककर्जाच्या कागदावर सही कुणाची? इंग्लंडमध्ये 2019पासून, माणूस 90 दिवस बेपत्ता असेल तर न्यायालय त्याच्या मालमत्तेला चार वर्षांपर्यंत पालक नेमू शकतं. आपल्याकडे खास असा कायदा नाही. 1890चा पालक कायदा अज्ञान मुलांपुरता आहे. ही उणीव भरून निघायलाच हवी.

दाव्याच्या खर्चाला मात्र भिऊ नका. 1987च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.