उष्णतेला वाट द्या

बनशंकरी हे नाव मराठी वाचकांना परके नाही. बदामीजवळची बनशंकरी ही महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी आहे. तिच्याच नावाचे एक देऊळ बंगळूर शहराच्या दक्षिण भागात आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळात तेथे लिंबाच्या सालीत दिवे लावणाऱ्या स्त्रियांची दाटी असते. त्या देवीच्या नावानेच भोवतालची विस्तीर्ण वसाहत ओळखली जाते. या वसाहतीतील एका मराठी घरात गेल्या उन्हाळ्यात घडलेली एक लहानशी गोष्ट आज आपणांस सांगावयाची आहे. घर माझेच आहे. तेव्हा त्यातील चुका सांगताना कोणाचे मन दुखावण्याची भीती नाही.

आमच्या घरात माणसे चार आणि संगणक एक. सकाळी माझे भाषांतराचे काम, दुपारी मुलीचा अभ्यास, सायंकाळी यजमानांचे हिशेब, आणि रविवारी रात्री सासूबाईंचे परदेशी असलेल्या धाकट्या मुलाशी बोलणे, अशी त्याची वाटणी ठरलेली. एप्रिल लागला आणि हे यंत्र अवचित बंद पडू लागले. आधी पंख्याचा आवाज वाढे, मग काम मंदावे आणि शेवटी पडदा काळा होई. एकदा माझ्या भाषांतराची सात पाने अशीच गेली. एका रविवारी सासूबाईंना मुलाचा चेहरा दिसतो न दिसतो तोच बोलणे तुटले. त्या काही बोलल्या नाहीत, परंतु त्या रात्री जेवल्याही नाहीत.

दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी उभ्याउभ्याच निर्णय दिला, "हे आता संपले. नवीन घ्या." नवीन घ्यावयाचे तर मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावणे भाग होते. तो लावण्यापूर्वी पेटी एकदा उघडून तरी पाहू, असे आम्ही ठरविले. माझ्याजवळ विज्ञानाची पदवी नाही, कलाशाखेची आहे. तरीही पेटीत जे दिसले ते समजण्यास स्वयंपाकघरातील अनुभव पुरेसा होता.

चहा, बशी आणि फुंकर

संगणकातील सारी आकडेमोड करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. त्याला मिळणारी जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. घरगुती संगणकातील पुष्कळ प्रोसेसर सुमारे ६५ वॅटचे असतात. पूर्वीचा ६० वॅटचा तारेचा दिवा हाताला कसा चटका देई, ते आपणांस आठवत असेल. तेवढीच उष्णता येथे एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या सिलिकनच्या तुकड्यात निर्माण होते. एक हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळव्याशी तुलना केली, तर दर चौरस सेंटिमीटरमागे प्रोसेसरची उष्णता इस्त्रीच्या कित्येक पट भरते. ही उष्णता तेथून सतत बाहेर नेली नाही, तर तो तुकडा काही क्षणांतच तापेल.

ती बाहेर कशी नेतात? चहा फार गरम असला की आपण तो बशीत ओततो, आणि घाई असली तर वर फुंकर घालतो. बशीमुळे चहा पसरतो, हवेला अधिक पृष्ठभाग मिळतो. फुंकरीने बशीवरची तापलेली हवा जाऊन गार हवा येते. प्रोसेसरवर बसविलेला तांब्याचा किंवा अल्युमिनियमचा पातळ पात्यांचा ठोकळा, ज्याला हीट सिंक म्हणतात, ती ही बशी होय. आणि त्यावरचा पंखा ही फुंकर होय.

राहिला तिसरा भाग. भाकरी तव्याला जेथे टेकत नाही, तेथे ती कच्ची राहते, हे कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको. प्रोसेसरचा माथा आणि हीट सिंकचा तळ हे दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी असतात व त्यांत हवा असते. हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. तांबे तिच्याहून हजारो पटींनी चांगले. म्हणून त्या फटी भरण्यासाठी दोहोंच्या मध्ये एक लेप लावतात. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. काही वर्षांनी हा लेप वाळतो, भेगाळतो आणि तव्यावरची भाकरी पुन्हा कच्ची राहू लागते.

एवढे लक्षात आले की यंत्र आपोआप का बंद पडते तेही उमगते. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर स्वतःला वाचविण्यासाठी यंत्र बंद करतो. म्हणजे आमचा संगणक मरत नव्हता. तो जीव वाचवीत होता.

ही अडचण जुनीच आहे

उष्णतेशी झगडा हा संगणकाच्या जन्मापासूनचा आहे. १९४६ साली अमेरिकेत लोकांपुढे आलेल्या एनियाक यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक कार्यान्वित झाला, त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. नलिका म्हटली की तिच्या पोटात तापलेली तार आलीच. अशा हजारो तारा एका खोलीत म्हणजे भट्टीच.

पुढे ट्रान्झिस्टर आले आणि आकार लहान झाला. १९७१ सालच्या इंटेल ४००४ या प्रोसेसरात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्याला पंख्याची गरजच नव्हती. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरविले, तर तेवढ्याच जागेतील उष्णता वाढत नाही. तीस वर्षे ही सोय उपयोगी पडली. २००५ च्या सुमारास ती संपली, कारण व्होल्टेज आणखी उतरविता येईना आणि बंद ट्रान्झिस्टरांतूनही वीज झिरपू लागली. म्हणून वेग वाढविण्याची शर्यत थांबवून निर्मात्यांनी एका प्रोसेसरात अनेक गाभे बसविण्यास आरंभ केला. त्या शर्यतीला लगाम घातला तो बुद्धीच्या उणिवेने नव्हे, तर उष्णतेने.

१९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्याच मालिकेतील 'परम ब्रह्म' हा २०१९ साली पुण्याच्या आयसर या संस्थेत बसविण्यात आला. त्याचे प्रोसेसर गार ठेवण्यासाठी द्रवाचा उपयोग केलेला आहे. आपल्या घरच्या पेटीला एवढ्या थाटाची जरूर नाही. परंतु महासंगणक असो वा मुलीच्या अभ्यासाचा संगणक, प्रश्न एकच असतो : निर्माण झालेली उष्णता कोणत्या वाटेने बाहेर जाणार?

बंगळूरची हवा

बंगळूरची हवा गार, ही समजूत आमच्या आळसाचे एक कारण होती. येथील जुन्या घरांत वातानुकूलनाचा विचारच केलेला नसतो. पण २४ एप्रिल २०१६ रोजी याच शहरात ३९.२ अंश तापमानाची नोंद झाली. शिवाय शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ आहे. पंखा तितकाच फिरला, तरी त्याच्या ओंजळीत हवा थोडी कमीच येते. त्यात भर बांधकामांच्या धुळीची.

पंखा व हीट सिंक काहीही केले तरी प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा गार करू शकत नाहीत, हे येथे ध्यानात ठेवावे. हिशेब पायऱ्यांचा आहे. खोलीत ३४ अंश असतील, कोंडलेल्या पेटीत आणखी दहा-बारा चढतील, आणि प्रोसेसर त्यावर आपले पन्नास चढवील. शंभरी गाठावयास मग उशीर लागत नाही. खोलीचे ३४ अंश आपल्या हाती नाहीत. पेटीतील दहा-बारा मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहेत.

घरच्या घरी काय करावे

प्रथम मोजावे. संगणक सुरू करताना उघडणाऱ्या बायोसच्या पानावर बहुधा प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. तापमान दाखविणारे विनामूल्य प्रोग्रॅमही मिळतात. यंत्र स्वस्थ असताना ३५ ते ५० आणि जोराचे काम चालू असताना ६० ते ८० अंश असतील, तर चिंतेचे कारण नाही. तापमान नव्वदीपुढे रेंगाळू लागले की उपाय करावा.

दुसरे, जागा पाहावी. गार हवा पेटीच्या पुढून किंवा खालून आत येते आणि गरम हवा मागून व वरून बाहेर पडते. म्हणून मागे भिंतीपासून निदान वीतभर अंतर असावे, वर काही ठेवू नये, पश्चिमेचे ऊन पेटीवर येऊ देऊ नये, आणि दार लावलेल्या कपाटात तर ती मुळीच ठेवू नये. लॅपटॉप असेल तर तो गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नये. त्याची हवा घेण्याची भोके बहुधा तळाशी असतात आणि ती कापडाने बुजतात.

तिसरे, धूळ काढावी. संगणक बंद करून विजेची वायर काढावी व थोडा वेळ जाऊ द्यावा. पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज जाऊ द्यावी. मग मऊ ब्रशाने आणि हवेच्या झोताने हीट सिंकच्या पात्यांमधील धूळ बाहेर काढावी. झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो भरधाव फिरल्यास बिघडू शकतो. उन्हाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत, असे वर्षातून दोनदा हे केले म्हणजे पुरे.

चौथे, दोष नेमका कोठे आहे ते ओळखावे. पेटीचे एका बाजूचे झाकण काढून संगणक थोडा वेळ चालवावा. चालू असताना आत मात्र हात घालू नये. तापमान दहा-एक अंशांनी उतरले, तर पेटीत हवा कोंडते आहे असे समजावे. फारसा फरक पडला नाही, तर पंखा मंद झाला आहे, हीट सिंकची एखादी खुंटी सुटली आहे किंवा लेप वाळला आहे. नवा लेप काही शे रुपयांत मिळतो. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तुरीच्या दाण्याएवढा नवा लेप मध्यभागी ठेवावा आणि हीट सिंक वरून सारख्या दाबाने बसवावा. हात बसलेला नसेल, तर हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. परंतु कोणते काम करून घ्यावयाचे, हे आपणांस ठाऊक असावे.

आणि काय करू नये? ओल्या फडक्याने आतील भाग पुसू नयेत. झाकण कायमचे उघडे ठेवू नये, कारण तेवढ्याने धूळ अधिकच साचते. संगणकाला वीज पुरविणारी आतली पेटी उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठून राहू शकते. पंख्याचा आवाज त्रासदायक वाटतो म्हणून त्याचा वेग उतरवू नये; तो आवाज तक्रार नसून निरोप असतो.

क्रोशाचे आच्छादन

आता आमच्या पेटीकडे वळू. ती टेबलाखालच्या कप्प्यात, पाठ भिंतीला लावून बसविली होती. हीट सिंकच्या पात्यांवर धुळीची जाड गादी जमली होती आणि लेप खडूसारखा झाला होता. परंतु सर्वांत अवघड गोष्ट निराळीच होती. धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी क्रोशाचे एक सुंदर आच्छादन विणून पेटीवर घातले होते. गरम हवा जेथून वर निघावयाची, ती जाळी नेमकी त्याखाली झाकली गेली होती. ज्या यंत्रावर मुलगा दिसतो, त्याच्यावरची ती माया होती. ती काढावयाची कशी?

मी आडवळणाने सांगू लागले. त्यांनी पेटीच्या वर तळहात धरला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, भाताचं पातेलं उतरवून त्यावर दुलई घालावी, तसं झालंय हे. काढ ते." आच्छादन त्यांनीच काढले आणि घडी घालून हार्मोनियमवर ठेवले. हार्मोनियम तापत नाही.

धूळ काढली, लेप बदलला, पेटी कप्प्यातून बाहेर काढून खिडकीच्या सावलीच्या बाजूस ठेवली. जे काम करताना पूर्वी ९७ अंश होत, तेच करताना आता ७१ च्या पुढे आकडा जाईना. एकूण खर्च लेपाची एक नळी आणि एक ब्रश. मुलीच्या फीचे पैसे जागच्या जागी राहिले.

वाचकहो, आपण हा लेख वाचीत असाल ते गाव इंदूर असेल, नागपूर असेल, हुबळी असेल किंवा बडोदे. तेथील उन्हाळा बंगळूरपेक्षा सौम्य असण्याचा संभव थोडाच. तेव्हा आजच सायंकाळी आपल्या घरच्या पेटीच्या मागे हात धरून पाहा. तेथून उबदार वारा सुखाने बाहेर येत असेल, तर आनंद आहे. येत नसेल, तर नवे यंत्र घेण्याचा विचार करण्यापूर्वी उष्णतेला तिची वाट मोकळी करून द्या.

रविवारी रात्री सासूबाईंचे बोलणे आता तासभर चालते. मध्येच त्या पेटीवर तळहात धरून पाहतात आणि मुलाला सांगतात, "बोल तू, गार आहे."