आकाशाच्या दाराशी

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. त्या मुक्तांच्या लेकरांचे पुढे काय झाले, ही चौकशी मात्र आपण फारशी करीत नाही. आम्ही त्यांपैकी एकीचीच हकीकत येथे सांगणार आहोत.

बेसी कोलमन ही १८९२ साली टेक्सासमध्ये जन्मली. घर शेतमजुरांचे, कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बंद. पुढे शिकागोत ती एका केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे नीट करण्याचे काम करी. फ्रान्समधील बायका विमाने चालवतात, असे युद्धावरून परतलेल्या भावाने चिडवून सांगितले आणि तिने ते मनावर घेतले, असे म्हणतात.

आता विमानविद्या ही काही नुसती ग्रंथ वाचून येणारी विद्या नव्हे. शिष्याच्या हाती एक दांडा व गुरूच्या हाती दुसरा, अशा जोड-नियंत्रणाच्या विमानात बसूनच ती शिकावी लागते. म्हणजे शाळेचे दार मिटले की आकाशही मिटले. अमेरिकेतील शाळांनी बेसीला घेतले नाही. एक तर ती काळी, त्यात बाई! तेव्हा ‘शिकागो डिफेंडर’चे संपादक रॉबर्ट अ‍ॅबट यांच्या सल्ल्याने ती फ्रेंच शिकली, १९२० च्या नोव्हेंबरात फ्रान्सला गेली आणि कोद्रों बंधूंच्या शाळेतून शिकून १५ जून १९२१ रोजी वैमानिकाचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळवती झाली. असा परवाना मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

मायदेशी ती हवाई कसरती करू लागली. टेक्सासमधील वॅक्सहॅची गावी संयोजकांनी गोऱ्यांसाठी एक व काळ्यांसाठी दुसरे फाटक ठेवले, तेव्हा एकच फाटक असेल तरच उडेन, असे तिने बजावले. फाटक एक झाले. आत बसण्याच्या जागा मात्र निराळ्याच राहिल्या. एवढाच विजय, पण आम्हांला तो लहान वाटत नाही.

कमाईतून आपल्या लोकांसाठी विमानशाळा काढावी, हा तिचा ध्यास होता. ३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिल येथे ती सहकाऱ्याबरोबर वर गेली. दुसऱ्या दिवशीच्या छत्रीउडीसाठी मैदान वाकून पाहता यावे म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. एक पाना नियंत्रणयंत्रणेत अडकला, विमान उलटले आणि ती खाली फेकली गेली. सहकारीही वाचला नाही.

शाळा राहून गेली. परंतु १९२९ साली विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिसमध्ये तिच्या नावाचा विमानक्लब काढला. १९४१ मध्ये टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांना लष्करी वैमानिकाचे शिक्षण मिळू लागले. आणि १९९२ च्या सप्टेंबरात मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री अंतराळात गेली, तेव्हा तिने बेसीचे छायाचित्र बरोबर नेले होते.