पाऊस पडला, बेरीज शून्य

जून उजाडला की मराठवाड्यात सकाळचा पहिला प्रश्न एकच: काल किती झाला? हवामान खात्याच्या पद्धतीनुसार सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस मोजला जातो. अशा आकड्यांची एक साधी फाईल आहे असं समजू. एका ओळीत एक तालुका आणि त्यापुढे मिलिमीटर: निलंगा, औसा, उदगीर, अहमदपूर, चाकूर. या फाईलवर चालणारी शेल स्क्रिप्ट पाच-सहा ओळींची. ओळ वाचायची, आकडा बेरजेत मिळवायचा, शेवटी बेरीज छापायची.

पुण्यात नोकरीला लागलेली मुलगी या ओळी मॅकच्या टर्मिनलमध्ये चालवते आणि बेरीज बरोबर येते. त्याच ओळी ती नांदेडला शिकणाऱ्या भावाला पाठवते. त्याच्या लॅबमध्ये उबुंटू आहे. तिथे उत्तर येतं शून्य. एरर नाही, सूचना नाही, लाल अक्षर नाही. मराठवाड्यात पावसाचा आकडा शून्य दिसला तर कुणाला संशयही यायचा नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

एकच ओळ, दोन अर्थ

असं का होतं? फाईलमधला मजकूर पाइपमधून, म्हणजे त्या उभ्या रेघेच्या चिन्हातून, लूपकडे पाठवला होता. मॅकवरचा झेड-शेल पाइपमधला शेवटचा तुकडा स्वतःच चालवतो, त्यामुळे लूपमध्ये झालेली बेरीज त्याच्याकडे राहते. उबुंटूवरचा बॅश त्याच तुकड्यासाठी वेगळी उपप्रक्रिया सुरू करतो. बेरीज तिथे होते आणि उपप्रक्रिया संपताच तिच्यासोबत पुसली जाते. मूळ शेलमधला आकडा शून्याचा शून्यच. यात चूक कोणाचीच नाही, कारण शेलने कसं वागावं हे सांगणाऱ्या पॉझिक्स या प्रमाणकाने दोन्ही वागणुकींना मुभा दिली आहे. उपाय सोपा आहे. पाइप काढून टाकायचा आणि लूपच्या शेवटी, 'डन' या शब्दापुढे, डावीकडे तोंड असलेल्या बाणाने फाईल जोडायची. मग दोन्हीकडे बेरीज एकच येते.

हा गोंधळ जुना आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. १९७९च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल आला. आजच्या बहुतेक शेलचं व्याकरण त्याच्यापासून आलेलं आहे. पुढे बर्कली विद्यापीठाची एक शाखा झाली, एटी अँड टीची दुसरी. सन, एचपी, आयबीएम यांनीही आपापलं युनिक्स काढलं. प्रत्येकाने कमांडमध्ये थोडी थोडी भर घातली. शेवटी १९८८ साली पॉझिक्स हे प्रमाणक आलं आणि १९९२ साली त्यात शेल व त्याच्या कमांडचा भाग जोडला गेला. प्रत्येक प्रणालीवर किमान काय चाललंच पाहिजे, हे त्यात लिहिलेलं आहे. त्याहून जास्तीचं जे काही चालतं, ती त्या त्या प्रणालीची मर्जी.

'एसएच' म्हणजे नेमकं कोण?

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि शेलचा पत्ता असतो. बहुतेक जण 'बिन'मधल्या 'एसएच'चा पत्ता देतात आणि मनात बॅश धरून लिहितात. उबुंटूने २००६च्या ६.१० आवृत्तीपासून 'एसएच'च्या जागी डॅश बसवला. तो लहान आणि चपळ, त्यामुळे मशीन लवकर सुरू व्हावं हा हेतू. पण डॅशला बॅशमधले अ‍ॅरे कळत नाहीत आणि अट लिहिण्याचे दुहेरी चौकोनी कंसही कळत नाहीत. असे कंस 'इफ'मध्ये आले तर डॅश 'सापडलं नाही' एवढं म्हणतो, अट खोटी धरतो आणि पुढे निघून जातो.

मॅकची अडचण वेगळी. तिथे बॅश आहे, पण ३.२ आवृत्तीचा. पुढच्या आवृत्त्यांचा परवाना अ‍ॅपलने स्वीकारला नाही आणि २०१९ साली कॅटलिनापासून नेहमीचा शेल म्हणून झेड-शेल आणला. त्यामुळे २००९च्या बॅश ४मध्ये आलेले नाव-मूल्य जोडीचे अ‍ॅरे मॅकच्या मूळच्या बॅशमध्ये चालत नाहीत. तालुक्याच्या नावावर पाऊस साठवायचा असेल तर हेच अ‍ॅरे सगळ्यात आधी आठवतात. फ्रीबीएसडीवर तर बॅश मुळात नसतोच. वेगळा बसवला तर तो 'यूएसआर-लोकल'खाली जातो, आणि 'बिन'चा पत्ता घातलेली स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर अडते.

काल कोणती तारीख होती?

कालची फाईल उघडायची तर कालची तारीख हवी. लिनक्सवरच्या डेट कमांडला 'येस्टरडे' हा शब्द समजतो. मॅकला तो समजत नाही. तिथे 'व्ही' पर्याय देऊन एक दिवस वजा करावा लागतो. पॉझिक्समध्ये तारखेची वजाबाकीच नाही. म्हणून तारीख बाहेरून द्यावी, नाहीतर दोन्ही पद्धती एकाच फंक्शनमध्ये घालून ते स्क्रिप्टच्या माथ्यावर ठेवावं. प्रणालीनुसार बदलणारं जे काही असेल ते एका जागी असलं की दुरुस्तीही एकाच जागी होते.

मजकूर बदलणाऱ्या सेड कमांडचंही तसंच. फाईल जागच्या जागी बदलणारा 'आय' पर्याय लिनक्सवर नुसता चालतो. मॅकवर त्याच्यापुढे राखीव प्रतीचं शेपूट, निदान रिकामं अवतरण तरी, द्यावंच लागतं. एकीकडे चालणारं दुसरीकडे मोडतं. नव्या फाईलमध्ये लिहून मग तिला जुन्या फाईलचं नाव द्यावं, हे सर्वत्र चालतं. छापण्यासाठी 'इको'ऐवजी 'प्रिंटएफ' वापरावं, कारण नव्या ओळीची खूण डॅशचा इको उलगडतो आणि बॅशचा ती तशीच छापतो.

ऑगस्टात अडखळणारी स्क्रिप्ट

काही चुका ऋतू पाहून येतात. बॅशच्या गणितात शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची मानली जाते. महिन्याचा आकडा ०१ ते ०७ असेपर्यंत काही बिघडत नाही, कारण तिथवर दोन्ही पद्धतींत किंमत सारखीच. ०८ आणि ०९ हे अंक अष्टमानात नाहीतच, त्यामुळे जानेवारीपासून सुरळीत चाललेली स्क्रिप्ट ऐन पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बसते. ऑक्टोबरात पुन्हा चालू! झेड-शेल ०८ला सरळ आठ मानतो, म्हणून मॅकच्या झेड-शेलमध्ये हे कधी दिसतच नाही. याहून वाईट म्हणजे पाऊस ०१० असा तीन अंकी लिहिलेला असेल तर बॅश तो आठ मिलिमीटर धरतो, आणि तेही मुकाट्याने. दशांशाचंही तेच. झेड-शेलला १२.४ची बेरीज येते, बॅशला आणि डॅशला फक्त पूर्णांकांची. पावसाचे आकडे असतील तर सगळं गणित ऑक कमांडवर सोपवावं. ती पॉझिक्समध्ये आहे आणि तिला दशांश येतात.

आपल्या अक्षरांची परीक्षा

इंग्रजी मजकुरावर कधीच न दिसणारी एक चूक देवनागरीत लगेच दिसते. युनिकोडमध्ये 'लातूर' पाच चिन्हांचं आहे आणि यूटीएफ-८मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण १५. 'नांदेड' सहा चिन्हांचं, १८ बाइटचं. आता कट कमांडला 'सी' पर्यायाने पहिली तीन अक्षरं मागा. मॅक 'नां' देतो. उबुंटू २२.०४ फक्त 'न' देतो, कारण तिथला कट बाइट मोजतो. 'लातूर'ची पहिली दोन मागितली तर मॅकवर 'ला' येतं आणि उबुंटूवर अर्धवट तुटलेल्या अक्षराची खूण. ऑकही यातून सुटत नाही: त्याचा जीएनयू अवतार 'लातूर'ची लांबी पाच सांगतो, तर उबुंटूवर मूळचा येणारा मॉक १५ सांगतो. मराठी नावांचे तुकडे अक्षरं मोजून पाडायचेच नाहीत. रकान्यांमध्ये टॅब किंवा स्वल्पविराम ठेवून त्यावर तोडावं, हे उत्तम.

तपासायचं कुठे?

नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१पासून आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४चं, त्याचं उपकेंद्र लातूरला. इथून शिकून बाहेर पडणारा विद्यार्थी पुढे मॅकवर लिहील, रेड हॅटच्या सर्व्हरवर चालवेल किंवा अल्पाइनच्या कंटेनरमध्ये टाकेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. लिनक्सची सुरुवात मराठीतून करायची तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे आहेत.

तपासणीला मॅक विकत घ्यायची गरज नाही. शेलचेक हे मोफत साधन स्क्रिप्ट वाचून पॉझिक्सबाहेरच्या गोष्टी दाखवतं. डेबियनचं चेकबॅशिझम्स तेच काम बॅशपुरतं करतं. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टरमक्स टाका. त्यात बॅश आणि डॅश दोन्ही येतात, झेड-शेल मागवता येतो, आणि अँड्रॉइडचा स्वतःचा एमके-शेल फोनमध्ये आधीच असतो. पावसाच्या बेरजेची स्क्रिप्ट या चारही शेलमध्ये चालवायची आणि चारही उत्तरं कागदावर केलेल्या बेरजेशी ताडून पाहायची. नुसती 'चालली' एवढ्यावर थांबायचं नाही, कारण नांदेडच्या लॅबमध्येही ती चाललीच होती.

२०२४च्या पॉझिक्सने पाइपमधला मधला तुकडा फसला तर ते कळवणारा 'पाइपफेल' पर्याय प्रमाणकात घेतला. बॅशमध्ये तो आधीपासून आहे, पण उबुंटू २४.०४च्या डॅशमध्ये अजून नाही. प्रमाणक पुढे जातं, मशीन मागून येतात. तोवर स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन ओळींची टीप लिहून ठेवावी: ही कोणत्या शेलवर, कोणत्या प्रणालीवर तपासली आहे. पुण्याहून आलेल्या स्क्रिप्टवर 'फक्त मॅकवर, झेड-शेलमध्ये तपासली' एवढं असतं, तरी भावाने त्या शून्यावर विश्वास ठेवला नसता.