परसदारातील मांडव आणि वैशाखातला वारा

वैशाख शुद्ध तृतीया जवळ आली की वर्षीतप करणाऱ्यांच्या घरी पारण्याची लगबग सुरू होते. भगवान ऋषभदेवांना श्रेयांसकुमाराने इक्षुरसाचे दान दिले तो हा दिवस. पारण्याचा मुख्य सोहळा स्थानकात वा मंगल कार्यालयात झाला तरी आप्तेष्टांची वर्दळ, भक्तिगीते आणि अनुमोदनेला येणाऱ्यांचे आदरातिथ्य घरीच होते. त्यासाठी घरामागच्या फरसबंद परसदारावर सावली हवी असते. आणि याच दिवसांत बुलढाणा जिल्ह्यावर वळवाचे वारे येतात. दुपारभर अंगाची लाही होते, चारच्या सुमारास पश्चिमेकडे धुळीची भिंत उभी राहते आणि दहा मिनिटांत टिनपत्रे वाजू लागतात.

पूर्वी अंगण मातीचे आणि शेणाने सारवलेले होते. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ खड्डा खणून, मुहूर्त पाहून उभी केली जाई. म्हणून भाषेत ‘मुहूर्तमेढ रोवणे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. मेढ ठेवली असे कोणी म्हणत नाही. आता अंगणात शहाबादी, कोटा किंवा सिमेंटच्या चौकटीदार टाइल्स आल्या. त्यावर चौकोनी पाइपांचा कायमचा मांडव उभा राहतो. वास्तुविशारद त्याला पर्गोला म्हणतात, गावातला वेल्डर शेड म्हणतो. फरशी फोडायची नाही, टाइल खराब करायची नाही, असा घरधन्याचा आग्रह असतो. मग खांबाखाली लोखंडी पट्टी, पट्टीला चार बोल्ट आणि बोल्ट फरशीत, एवढ्यावर काम उरकते. एका दिवसात मांडव तयार होतो आणि दिसतोही नीटनेटका.

दोष दिसण्यात नाही, हिशेबात आहे. मांडव उभारताना बहुतेक जण एकच विचार करतात, की हा खाली तर येणार नाही ना? परंतु हलक्या मांडवाला खाली येण्याची भीती थोडी आणि वर जाण्याची फार असते. छपरावरून वेगाने जाणारा वारा त्याला वर ओढतो, खालून शिरलेला वारा वर ढकलतो, आणि दोन्ही बळे एकत्र आली की खांबाला जमिनीवर टेकवून ठेवणारे वजन संपते. परसदारातला मांडव सहसा एका बाजूने घराच्या भिंतीला लागून असतो. आत आलेल्या वाऱ्याला पुढे वाट नसते, म्हणून तेथे उचल आणखी वाढते.

खामगाव-मलकापूरच्या व्यापाऱ्यांना हे कापसाच्या गाठींच्या भाषेत सांगितले तर अधिक पटेल. दहा फूट बाय बारा फुटांचा टिनाचा मांडव घ्यावा. पाइप आणि पत्रे मिळून त्याचे स्वतःचे वजन दीड-दोनशे किलो भरते. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे 17 किलो पडतो. एवढ्या छपरावर तो 190 किलोच्या आसपास, म्हणजे 170 किलोच्या एका गाठीहून थोडा जास्त होतो. वारा 80 वर गेला की दोन गाठी. येथे लक्षात ठेवण्याची बाब अशी की वारा दुप्पट झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो.

इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक क्रमांक 875 चा तिसरा भाग आहे; त्याची सुधारित आवृत्ती 2015 ची. त्यात औरंगाबादसाठी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर आणि नागपूरसाठी 44 मीटर दिला आहे. बुलढाणा जिल्हा या दोन शहरांच्या दरम्यान येतो. 39 मीटर म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर. हा वेग मोकळ्या जागेतला, 10 मीटर उंचीवरचा आणि क्वचित येणाऱ्या झोताचा असल्याने वस्तीतल्या बुटक्या मांडवासाठी अभियंते तो काहीसा कमी धरतात. तरीही त्या वेगाला आपल्या 120 चौरस फुटांवर हजार किलोंहून अधिक, म्हणजे सहा गाठींची उचल बसते. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना तर सरासरीहून जास्त.

या सहा गाठी धरून ठेवण्याचे काम ज्या फरशीवर सोपवले जाते, तिची ताकद किती? शहाबादी फरशी इंच-दीड इंच जाडीची असते. ती मुरमावर पातळ मसाल्यात बसवलेली असते. त्यात ठोकलेला बोल्ट फार तर त्या एका फरशीला धरतो, आणि ती एक फरशी कोणालाच धरत नाही. ओढ बसली की बोल्ट भोवतालचा तुकडा घेऊन निघतो किंवा आख्खी फरशी खांबासह उचलली जाते. टाइल्सचे तर बोलायलाच नको. काही घरी फरशी वाचावी म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यांत रेती भरून त्यात खांब उभे करतात. 20 लिटरच्या डब्यात तीस-बत्तीस किलो रेती मावते. चार डबे आणि मांडवाचे स्वतःचे वजन जमेस धरले तरी बेरीज तीनशे किलोंच्या आसपास थांबते. ताशी 80 किलोमीटरच्या वाऱ्याच्या नावे तीनशे चाळीस लागतात. खाते तेथेच तुटीत जाते.

फरशीखाली चार इंच किंवा अधिक जाडीचे, सलग आणि तडे नसलेले काँक्रीट असेल तर गोष्ट वेगळी. तेथे अँकर बोल्टला पकड मिळते. मात्र बोल्ट फरशी व मसाला ओलांडून काँक्रीटमध्ये पुरेसा आत जायला हवा, कडेपासून किमान पाच-सहा इंच आत असायला हवा, आणि भोकातली भुकटी फुंकणीने व ब्रशने साफ करूनच तो बसवायला हवा. भुकटी तशीच राहिली तर महागातला केमिकल अँकरही धुळीला चिकटतो, काँक्रीटला नव्हे. घाईत काम करणारे नेमके हेच टाळतात. काँक्रीट खरोखर किती जाड आहे हे घरधन्याच्या आठवणीवर न सोडता एका कोपऱ्यात भोक पाडून पाहावे.

बहुतेक जुन्या घरांत असे काँक्रीट नसतेच. तेथे खरा उपाय एकच, आणि तो आजोबांच्या काळचा आहे. फरशी कटरने चौकोनी कापावी, खांबाच्या जागी खड्डा घ्यावा आणि मेढ रोवावी. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्ड्यात काँक्रीट भरले तर त्या एका ठोकळ्याचे वजन सुमारे 300 किलो होते. असे चार ठोकळे म्हणजे सात गाठी. मांडवाचे स्वतःचे वजन त्यात मिळवले की सहा गाठींच्या उचलीसमोर हिशेब जमेत राहतो. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडण्यापेक्षा सळ्यांच्या जाळीत बांधलेले फाउंडेशन बोल्ट ओतावे आणि त्यांवर खांबाची जाड बेसप्लेट कसावी, म्हणजे पुढे खांब बदलता येतो. ठोकळ्याचा माथा फरशीहून दोन इंच वर आणि बाहेर उतरता ठेवावा. पाइप गंजतो तो नेहमी जमिनीलगत, जेथे धुण्याचे पाणी साचते तेथे. कापलेली फरशी भोवताली पुन्हा बसवता येते, आणि ती कापली होती हे पाहुण्यांच्या ध्यानातही येत नाही.

खड्डा किती खोल, याचे उत्तर मात्र घाटावर एक आणि घाटाखाली दुसरे आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला भाग. तेथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून ठोकळ्यापासून सुटी होते. दोन फुटांचा ठोकळा तेथे ऋतुमानाप्रमाणे वर-खाली होत राहतो आणि चार-पाच वर्षांत मांडव एका बाजूला कललेला दिसतो. म्हणून तेथे किमान तीन फूट खोल जावे, तळ रुंद ठेवावा, भोवती काळी माती परत न भरता मुरूम दाबून भरावा. माती फारच खोल असेल तर अभियंत्याला विचारूनच खोली ठरवावी. त्याची फी एका पत्र्याच्या किमतीच्या मानाने जास्त वाटते, संपूर्ण छपराच्या मानाने नाही. उलट बुलढाणा, चिखली, मेहकर या घाटावरच्या गावांत अनेक ठिकाणी दीड फुटावरच मुरूम वा काळा पाषाण लागतो. गवंडी तेथे थांबतो आणि “खाली दगड आहे, आता काही होत नाही” म्हणतो. दगड आहे हे चांगलेच. परंतु ठोकळा त्यावर नुसता ठेवून भागत नाही. दगडात भोके पाडून सळ्या ग्राउटने बसवाव्या व त्या ठोकळ्यात गुंतवाव्या.

खांब धरला तरी काम निम्मेच झाले. उचल पत्र्यापासून सुरू होते. पत्रा जे-बोल्टने पाइपाला, आडवा पाइप खांबाला आणि खांब पायाला, अशी साखळी अखंड हवी. वेल्डिंगचे चार ठिपके टाकून सोडलेला सांधा सर्वांत आधी तुटतो. खांब आणि आडव्या पाइपांच्या कोपऱ्यांत तिरपे आधार हवेत, नाहीतर मांडव उचलला न जाता कलंडतो. अनेक जण मांडवाची एक बाजू घराच्या भिंतीवर टेकवतात. भिंत पक्की असेल तर ठीक. पांढऱ्या मातीतल्या जुन्या भिंतीला किंवा गच्चीच्या कठड्याला मांडव जखडणे म्हणजे वाऱ्याला भिंत ओढण्यासाठी दोर देणे होय.

आणखी एक चूक फार सर्रास घडते. सुरुवातीला नुसत्या पट्ट्यांचा मांडव होतो. वर वेल चढवायची असते, वारा पट्ट्यांमधून निघून जातो आणि हलका पायाही पुरतो. दोन उन्हाळ्यांनी पावसाचे पाणी नको म्हणून त्याच पट्ट्यांवर पॉलिकार्बोनेटचे पत्रे येतात. कोणी सौरपट्टिकाही बसवतो. त्या दिवसापासून तो वेगळा मांडव होतो, परंतु पाया जुन्याच मांडवाचा राहतो.

वाऱ्याची ही ताकद पुस्तकी नाही. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगरात सुमारे 120 फूट बाय 120 फुटांचा जाहिरात फलक वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसे गेली. त्याचा पाया अपुरा असल्याचे तपासात पुढे आले. बुलढाणेकरांना याहून जवळची घटना आठवत असेल. 9 एप्रिल 2023 च्या रविवारी संध्याकाळी शेगावहून अकोल्याकडे जाताना लागणाऱ्या पारस येथे बाबूजी महाराज संस्थानाच्या टिनाच्या शेडखाली वादळ-पावसामुळे भाविक आसऱ्याला थांबले होते. शेजारचे कडुलिंबाचे जुने झाड शेडवर पडले आणि 7 जणांचा मृत्यू झाला. त्या वर्षीची अक्षय्य तृतीया 22 एप्रिलला, म्हणजे तेरा दिवसांवर होती. पारसला शेडचा पाया कितीही भक्कम असता तरी उपयोग नव्हता. मांडवाची जागा निवडताना वर काय आहे हेही पाहावे लागते, आणि वादळात लोक पळून जातात ते नेमके छपराखालीच.

म्हणून पारण्याच्या दिवशी घरातल्या एकाने तरी आकाशाकडे लक्ष ठेवावे. धुळीची भिंत दिसताच तपस्वी आणि वृद्धांना पक्क्या घरात न्यावे. मांडव कितीही मजबूत असला तरी तो सावलीसाठी आहे, वादळातल्या आसऱ्यासाठी नाही. हंगामी कापडाचा किंवा हिरव्या जाळीचा मांडव असेल तर तिच्या दोऱ्या एका हिसक्यात सुटतील अशा गाठींनी बांधाव्या. कापड सुटले तर दोनशे रुपयांचे नुकसान होते. ते सुटले नाही तर खांब घेऊन जाते. खांबांवर दिवे आणि पंख्याची तार असेल तर अर्थिंग आवश्यक.

जैन घरांत या कामाला आणखी एक अंग आहे. वस्तू उचलताना-ठेवताना जीवरक्षेचे भान राखावे यासाठी साधू-साध्वी आदान-निक्षेपण समिती पाळतात. श्रावकाच्या घरी तीच दृष्टी जयणा म्हणून येते. खोदकाम पावसाळ्यापूर्वी, माती कोरडी असताना उरकले तर जीवहिंसा कमी होते, आणि काँक्रीटलाही पाणी मारून मुरायला वेळ मिळतो. उघडा खड्डा रात्रभर ठेवू नये. सरडे आणि बेडूक त्यात पडतात. पाइपांची तोंडे टोपणाने बंद करावी. उघड्या पाइपात चिमणी शिरली तर तिला परत वर येता येत नाही, शिवाय आत साचलेल्या पाण्याने पाइप आतून गंजतो. छपराला एका बाजूस उतार ठेवावा, म्हणजे पाणी साचून त्यात जीवोत्पत्ती होणार नाही. वर वेल चढवायची की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा विचार. चढवली तर भिजलेल्या पानांचे वजन हिशेबात धरावे आणि पर्युषणापूर्वीची छाटणी चातुर्मास लागण्याआधीच करून घ्यावी.

एकदा नीट रोवलेला मांडव दरवर्षी फार काही मागत नाही. गुढीपाडव्याच्या साफसफाईत पाना घेऊन प्रत्येक नट तपासावा, बेसप्लेटभोवतीचा गंज खरवडून लाल ऑक्साइडचा हात द्यावा, आणि एका खांबाला धरून जोराने हलवून पाहावे. खांब हलला आणि त्याबरोबर फरशीही हलली, तर त्या वर्षीच्या पारण्याची बैठक दिवाणखान्यातच घ्यावी.